इंजिनघरातला संग्रह

आप्पांना प्यायला पाणी दिलं की ते आधी पाणी संपवायचे आणि मग तांब्या उलटा करून त्याचं बूड बघायचे. घर कुणाचंही असो. अंगठ्यानं बूड एकदा घासायचे, उजेडाकडे धरायचे आणि "हं" म्हणून खाली ठेवायचे. नवीन माणसाला वाटायचं, तांब्या नीट घासला नाही असं यांना सुचवायचंय. मला बघायला जी मंडळी आली होती त्यांत आप्पा होते. मी चहा आणून दिला तर त्यांनी कपात चहा असतानाच कप वाकडा करून खालून बघायला घेतला. चहा त्यांच्या धोतरावर सांडला. माझ्या आईला वाटलं, गेलं स्थळ. आप्पा धोतर झटकत म्हणाले, "कपबशी चांगली हाय. पोरगी बी चांगली असंल."

माझं लग्न असं जमलं.

सासर म्हणजे भीमेतलं बेट. दौंड तालुक्यात नदी एके ठिकाणी दोन वाटांनी जाते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन वाटांच्या मधे जेवढी जमीन उरली तेवढं आमचं जग. मूठभर घरं, ऊस, शाळेची एक खोली आणि एक मारुती. उन्हाळ्यात एका बाजूनं पायी येता-जाता यायचं, एरवी रशीदचाचांची होडी. आप्पा माझे चुलत सासरे. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांपुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि खरं सांगायचं तर मला ती फार सोयीची होती. मी पहिल्यापासून लाजाळू, शाळाही चौथीपर्यंतच. त्यामुळे आप्पांचं सगळं बोलणं मी दाराआडून ऐकलं. समोर बसलेल्यांपेक्षा मला ते जास्त नीट ऐकू आलं असं मला अजून वाटतं.

संग्रहाचं वेड त्यांना लागलं ते पुण्यात. कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, मुहूर्ताला अवकाश होता आणि ऊन फार होतं. सावली म्हणून ते एका संग्रहालयात शिरले. तिथे काचेच्या पेटीत ठेवलेलं सूप, पाटा आणि ताकाची रवी बघून ते इतके चकित झाले की तिकडे लग्न लागून गेलं तरी यांना पत्ता नाही. परत आले ते तडक आमच्या स्वयंपाकघरात. सासूबाई ताक घुसळत होत्या. आप्पा त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि रवीकडे टक लावून बघत राहिले. सासूबाई नात्यानं वहिनी, त्यांना थट्टा करायची मोकळीक होती.

"काय भावजी, आजवर रवी बघितली न्हाई व्हय?"

"वैनी, अशीच रवी तिथं पेटीत ठिवलीया. वरनं दिवा लावलाय तिच्यावर."

"आन् ताक कोण करतंय तिथं?"

"ताक न्हाई. नुसती बघायची."

"म्हंजी तिकीट काढून रवी बघून आला. अक्षता तरी टाकल्या का तेवढं सांगा."

आप्पांनी अक्षता खिशातच राहिल्याचं दाखवलं.

त्या दिवसापासून बेटावरच्या कुठल्याच घरातली वस्तू सुरक्षित राहिली नाही. नदीकाठी एक जुनं इंजिनघर होतं. पूर्वी तिथल्या डिझेलच्या इंजिनावर सगळ्यांची शेतं भिजायची. विजेच्या मोटारी आल्यावर इंजिन भंगारात गेलं आणि खोली रिकामी पडली. आप्पांनी ती झाडून घेतली, आतून पांढऱ्या मातीनं सारवली, तांबडी काव कालवून दारावर दोन मोर काढले. त्यातला एक मोर कोंबडीसारखा दिसायचा. वर पाटी लावली: 'बेटाचा कलासंग्रह. हात लावून बघावे.' पुण्यात काचेवर हात ठेवला म्हणून पहारेकरी त्यांच्यावर ओरडला होता, त्याचा राग त्यांनी असा काढला. पाहुणा नुसताच बघायला लागला तर ते म्हणायचे, "आवं, हात लावा की. मेलेली हाय का ती?" पण इंजिनाचा वास त्या खोलीतून कधीच गेला नाही. आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला डिझेलचा वास लागायचा. गौरीच्या मुखवट्यांनासुद्धा. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्यांच्या गौरी सोन्याच्या पावलांनी येत्यात. आमच्या टॅक्टरवर बसून येत्यात."

आमच्या बेटावरच्या वस्तू खरोखरच वेगळ्या होत्या, हे मात्र आप्पांमुळेच आम्हाला कळलं. बेटावर लाकूड विकत आणायची पद्धत कधी नव्हती. पुरात जे वाहून येईल, ते वाळवायचं आणि त्याचंच सगळं करायचं. पूर्वी सुतारांचं एक घर होतं, त्यांनी त्या लाकडांतून चौकटींवर पोपट कोरले, पळ्यांच्या दांड्यांना मासे काढले, पोरांसाठी बैल घडवले. गौरीचे मुखवटेही लाकडीच. पुरात एका जातीची दोन लाकडं मिळणं कठीण, म्हणून आमच्या गौरींत थोरली काळीसावळी आणि धाकटी उजळ. दुसऱ्या गावांत दोघी बहिणी सारख्या दिसतात, आमच्या मात्र एकीला बघून दुसरी ओळखू येत नाही. आप्पा म्हणायचे, "सख्ख्या बहिणी अशाच असत्यात. सारख्या असल्या तर भांडतील कशाला?"

त्यांचं एकच दुःख होतं, ते म्हणजे इनामगाव. घोड नदीकाठच्या त्या गावात फार जुन्या काळची वस्ती उकरून काढली, खापरं सापडली, ती बघायला मोठमोठी माणसं आली, हे आप्पांनी लहानपणापासून ऐकलेलं. विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. "तिकडं खापरं घावली तर मोटारींची रांग लागली. आमच्याकडं आख्खी मडकी हायेत, तर कुत्रं फिरकंना."

रशीदचाचा एकदा शांतपणे म्हणाले, "आप्पा, तुमी ती आधी फोडा. मग येतील."

रशीदचाचांच्या होडीलाही आप्पांनी सोडलं नव्हतं. तिच्या पुढच्या फळीवर चाचांच्या आईनं कधीकाळी मासे, वेली आणि दोन मोठे डोळे रंगवलेले होते. आप्पांना ती फळी संग्रहात हवी होती. चाचा म्हणाले, फळी काढली तर होडी बुडेल. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि मग अख्खी होडीच संग्रहात धरल्याचं जाहीर केलं. बाजाराला निघालेल्या बायकांना ते काठावरून ओरडून सांगायचे, "नीट बसा गं, संग्रहात बसलाय तुमी." कमलकाकू म्हणून आमच्या शेजारीण होत्या, तोंडाच्या फटकळ. त्या होडीतूनच ओरडायच्या, "मंग आमच्यावर बी दिवा लावा की आप्पा!"

वस्तू देताना बायकांनी एक अट घातली होती: लागेल तेव्हा परत न्यायची. आप्पांनी ती आनंदानं मान्य केली. त्यामुळे लग्न निघालं की संग्रहातली मोठी काठवट कणीक मळायला जायची. पोळ्याला आरशांच्या झुली बैलांच्या पाठीवर जायच्या. वस्तू परत आली की आप्पा तिचा वास घ्यायचे. नुसती विसळून आणली असेल तर माघारी पाठवायचे. एकदा मी कुरडयांचा सोऱ्या परत केला, त्याच्या भोकांत चीक अडकला होता. आप्पा माझ्याशी बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांनी आमच्या शेळीला समोर धरलं आणि तिला सांगितलं, "तुझ्या मालकिणीला म्हणावं, भोकं सुईनं कोरायची असत्यात." शेळीनं ऐकून घेतलं. मी आतून सुई घेतली.

वस्तूंचं वय सांगण्यात मात्र आप्पांवर विश्वास ठेवता यायचा नाही. त्यांच्याकडे तीनच काळ होते. साधी वस्तू असली तर 'आज्याच्या वेळची', बरी असली तर 'पेशव्यांच्या वेळची' आणि कुणी फारच खोलात शिरलं तर 'पांडवांच्या वेळची'. वय पाहुण्याच्या चेहऱ्यावर ठरायचं. पाहुणा जांभई द्यायला लागला की वस्तू शेपाचशे वर्षांनी जुनी व्हायची.

या हसण्याखेळण्यात एक काळजी हळूहळू आत शिरत होती. बेट रिकामं होत होतं. धरणाचं पाणी सोडलं की दर वर्षी नदी काठाचा एखादा लचका तोडून न्यायची. शाळा बंद झाली तशी पोरंबाळं असलेली घरं आधी उठली. कुणी केडगावला स्टेशनाजवळ जागा घेतली, कुणी दौंडला, कुणी शिरूरला. आप्पांचा मुलगा सणसवाडीला कंपनीत होता, तो बापाला रोज फोन करायचा. माझे मालकही तिकडेच कामाला जायचे, आमचंही केडगावचं घर बांधून होत आलं होतं. कोण कधी निघणार याची बोलणी व्हायची. फक्त आप्पा प्रत्येकाला एकच विचारायचे, "तुमी जाल. ह्यांनी कुठं जायचं?" आणि इंजिनघराकडे बोट करायचे.

शेवटी बंद पडलेल्या शाळेच्या जुन्या गुरुजींनी पुण्याच्या एका संग्रहालयातल्या बाईंशी त्यांचं बोलणं करून दिलं. बाई यायला तयार झाल्या. दिवस आप्पांनीच ठरवला, गौरीपूजनाचा. त्या दिवशी बेट सगळ्यात छान दिसतं, म्हणून. आठवडाभर त्यांनी इंजिनघर सारवलं, कोंबडीसारख्या मोराला पिसं वाढवली, टोपी धुऊन वाळत घातली. बाई सगळाच्या सगळा संग्रह घेऊन जातील आणि मग आपण बेट सोडायला मोकळे, असं त्यांच्या मनात पक्कं होतं.

बाई आल्या. होडीतल्या फळीवरचे डोळे बघून त्या इतक्या खूश झाल्या की आप्पांची छाती फुगली. त्यांनी मोठ्या थाटात इंजिनघराचं दार उघडलं. आत एक फुटका कंदील, एक जातं आणि पाल. बाकी काही नाही. गौरीपूजनाच्या दिवशी मुखवटे घरोघर बसलेले, काठवटीत पुरणाची कणीक, पळ्या कटाच्या आमटीत, पाट पाहुण्यांखाली, समया देवीपुढे. बेट सुंदर दिसावं म्हणून त्यांनी नेमका तोच दिवस निवडला होता, ज्या दिवशी संग्रहात काहीच नसतं.

आप्पा दारातच उभे राहिले. मग टोपी सारखी करून म्हणाले, "चला बाई. वस्तू आज ड्यूटीवर हायेत. तिकडंच दावतो."

मग त्यांनी बाईंना घरोघर फिरवलं. प्रत्येक घरी गौरीपुढे उभं करून वय सांगितलं आणि प्रत्येक घरी बाईंना पुरणपोळी खावी लागली. आमच्या घरी येईपर्यंत बाईंचा श्वास फुलला होता. बसायला मी माझी वाकळ अंथरली होती. आप्पांनी ती उचलून धरली. "ही बघा. पेशव्यांच्या वेळची. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीया."

ती मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिवली होती. मधले निळे तुकडे मालकांच्या कंपनीच्या जुन्या शर्टांचे. बाईंनी वाकळ उलटी करून टाके बघितले. एका निळ्या तुकड्यावर कंपनीचं शिवलेलं नाव होतं. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं आणि आप्पांकडे बघितलं.

"पेशव्यांची कंपनी होती का आप्पा?"

सासूबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. आप्पांनी जराही न डगमगता सांगितलं, "टाका जुना हाय, बाई. कापड नवं हाय." बाई हसल्या, पण मग त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे मात्र खरंय." मी दाराआडच होते. मला तेवढ्यानं किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी काठावर होडीपाशी बाईंनी सरळ सांगितलं. त्यांच्याकडे जागा थोडी. सगळं नेता येणार नाही. पण कमलकाकूंच्या घरचे गौरीचे मुखवटे सगळ्यांत जुने आणि फार दुर्मिळ आहेत, ते नक्की नेतील. तिथे वाळवी नाही, पाणी नाही. ते शंभर वर्षं टिकतील.

"म्हंजी लग्नातनं नवरानवरी तेवढी नेताय," आप्पा म्हणाले. "वऱ्हाडानं कुठं जायचं?"

 कमलकाकू मात्र लगेच तयार. "जाऊ द्या की आप्पा. शिरूरला बाजारात फायबरच्या मिळत्यात, हलक्या. मला ह्या उचलून उचलून हाताला गोळं आलं."

"आन् तुमची गौर बघायला पुण्याला जायचं व्हय, तिकीट काढून?" सासूबाई उखडल्या.

 सबंध आठवडा आप्पांनी कुणाचा तांब्यासुद्धा उलटा केला नाही. मग एक दिवस टोपी घालून एकटेच पुण्याला गेले, मुखवटे कुठे बसणार ती जागा बघायला. परत आले आणि ओट्यावर बसून सासूबाईंना सांगायला लागले. जागा उत्तम होती. काच स्वच्छ, दिवा चांगला, बाईंनी स्वतः सगळं फिरून दाखवलं, चहा पाजला. सगळं बघून झाल्यावर आप्पांनी तिथल्या पहारेकऱ्याला एकच विचारलं होतं.

"म्हनलं, भाद्रपदात ह्यांना घरी सोडता का? तीन दिवसांचा तर प्रश्न हाय."

"मग?"

"न्हाई म्हनला. आत आलेली वस्तू बाहेर जात न्हाई."

आप्पांनी माझ्या नवऱ्याच्या फोनवरून बाईंना फोन लावला. आवाज मोठा केलेला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. "बाई, तुमची जागा लई चांगली हाय. माझ्या घरापरीस चांगली. पण तुमी रजा देत न्हाई. बिनरजेची नोकरी गौरीला न्हाई झेपायची."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुमचं पटतंय आप्पा. पण मग तुम्ही सांभाळा, आणि खरंच सांभाळा. वाळवी आणि पाणीही रजा घेत नाहीत."

हे बोलणं आप्पांना फार लागलं. बाई चूक बोलल्या नव्हत्या. बेटावर त्या वेळी पाचसहाच घरं उरली होती आणि दिवाळीनंतर तीही उठणार होती. आप्पा इंजिनघरात एकटेच बसून असायचे. सासूबाई जेवायला हाक मारायच्या तर म्हणायचे, "वैनी, जरा इचार करू द्या." सासूबाई म्हणायच्या, "इचार भाकरीसंगं होतो."

निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. जे आधीच उठून गेले होते तेही आले. रशीदचाचांनी होडीच्या खेपा केल्या. सगळा संग्रह इंजिनघरासमोर मांडलेला. आम्हाला वाटलं, ज्याची त्याला वस्तू परत देणार. आप्पांनी कमलकाकूंच्या मुखवट्यांची जोडी उचलली, कमलकाकू पुढे झाल्या, तर आप्पा त्यांना ओलांडून सासूबाईंपाशी आले आणि जोडी त्यांच्या हातात दिली. आमची जोडी दौंडला गेलेल्या एका घराला. कमलकाकूंना चौकटीवरचे पोपट, जे त्यांचे नव्हते. झुली रशीदचाचांना, ज्यांच्याकडे कधी बैल नव्हता. सगळीकडे गलका झाला.

"आप्पा, डोकं फिरलं का? माझं हिला, हिचं मला?" कमलकाकू भडकल्या.

आप्पा इंजिनाच्या चौथऱ्यावर चढले. इतक्या माणसांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, टोपी हातात घेऊन चुरगाळत होते. "आपली वस्तू आपल्या घरी गेली की माळ्यावर जाती. तिथनं भंगारात. पण दुसऱ्याची असली की सांभाळावी लागती. कवा मागायला येतील सांगता येत न्हाई, म्हणून पुसून ठिवावी लागती. आन् ज्याची त्याला सणाला लागंल, मग जावं लागंल न्यायला. च्या प्यावा लागंल. चार शिव्या द्याव्या लागतील. बेट आपलं पाण्यात जाईल. एकमेकांच्या दारात गेल्याबिगर बेट कसं ऱ्हाईल, मला तर दुसरं सुचंना."

 कमलकाकू पोपट छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जड हायेत वो हे." पण त्यांनी ते खाली ठेवले नाहीत.

आप्पा सणसवाडीला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेले. आम्हाला वाटलं, ते तिथे कोमेजतील. पण त्या चाळीत बाहेरून आलेली माणसं राहतात, प्रत्येकाच्या मोरीत वेगळी भांडी. आप्पांना नवा मुलूखच सापडला. शेजारच्या बिहारकडच्या बाईंचं बांबूचं रंगीत सूप त्यांनी उलटं करून बघितलं आणि हिंदीत विचारलं, "ये कौन के टाइम का है?" त्या म्हणाल्या, पिछले साल का. आप्पा मला फोनवर म्हणाले, "लई खरं बोलती बिचारी."

हो, मला. फोनवर पदर लागत नाही हे आम्हा दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. पहिल्यांदा फोन आला तेव्हा सासूबाई बाहेर होत्या, मी उचलला आणि गप्प राहिले. आप्पा म्हणाले, "सूनबाई, शेळी केडगावला आणली का न्हाई? न्हाईतर मी कुणाशी बोलू?" मला हसू आलं आणि तोंडून "बोला" निघून गेलं. मग ते बोलायचेच. विषय एकच. कोणाची वस्तू कोणी नेली, कोणी परत आणली. गौरी जवळ आल्या की ते प्रत्येक घरी फोन करून पिडायचे. दौंडवाले आले का? शिरूरची कमल आली का? तिला म्हणावं, न्यायला ये, न्हाईतर मी येतो. लोक त्यांच्या फोनला वैतागायचे, आणि यायचे. आमच्या दारात भाद्रपदात बेटावर नव्हती एवढी वर्दळ व्हायला लागली. कमलकाकू दर वर्षी मुखवट्यांच्या वजनावरून कुरकुर करत येत, सासूबाईंशी दुपारभर भांडत आणि डोळे पुसत जात.

या वर्षी उन्हाळ्यात आप्पा गेले. झोपेतच. दहाव्याला त्या बिहारी बाई सगळ्यांत जास्त रडत होत्या.

गौरी तोंडावर आल्या. फोन कुणाचाच आला नाही. दौंडवाल्यांकडची आमची जोडी मालक जाऊन घेऊन आले, पण शिरूरहून कमलकाकूंचा निरोप नाही. आवाहनाचा दिवस उजाडला तरी मुखवटे आमच्या कपाटातच. सासूबाई दोनदा कपाट उघडून बघून आल्या. मग त्यांनी ते मुखवटे माझ्या जुन्या मऊ साडीत गुंडाळले, पिशवीत घातले आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"मला आता यष्टी चढवत न्हाई. तू जा. आन् तिथं बोलावं लागंल बरं का."

मी तोवर एकटी कधी कुणाच्या घरी गेले नव्हते. चौफुल्याला गाडी धरली, न्हावऱ्यावरून शिरूर. पिशवी सबंध रस्ताभर मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे, तेव्हा माझ्या तोंडून "पाहुण्या आहेत" असं निघालं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

कमलकाकूंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. त्यांनीच दार उघडलं. आत नव्या फायबरच्या गौरी बसून तयार होत्या, गुलाबी, दोघी अगदी सारख्या, भोवती दिव्यांची माळ लुकलुकत होती.

"आगं बया! तू? एकटी?"

मी पिशवी पुढे केली. "मुखवटे. तुम्ही आला नाहीत."

त्यांनी पिशवीकडे बघितलं, घेतली नाही. "आगं, आप्पा गेलं. आता कोण बसलंय इचारायला, नेलं का आन् आणलं का?"

 जिना उतरून जावं असं एकदा मनात आलं.

"मी बसलेय," मी म्हणाले. "आणि परवा न्यायला येणारे."

 कमलकाकूंनी पदरानं हात पुसले, पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि आत वळून मोठ्यानं हाक मारली, "सूनबाई, त्या नव्या दोघींना जरा सरकवून बसव गं. आमच्या आल्या."